मंडईला ज्यांचं नाव, त्यांचाच मंडईला विरोध!

पुण्यात शिकत असाल, तर मंडई तुम्हाला नवी नाही. गणपतीत तिथल्या गर्दीत तुम्ही चेंगरला असाल, रात्री उशिरा मित्रांबरोबर तिथे चहा प्यायला असाल. आता तर मेट्रोही तिथे थांबते. मधोमध उंच मनोरा, आठ बाजूंना पसरलेली दगडी इमारत आणि आत भाज्यांचे ढीग. या इमारतीचं नाव महात्मा फुले मंडई.

आता एक गंमत ऐका. ही इमारत बांधायचा विषय पुणे नगरपालिकेत आला, तेव्हा जोतीराव फुले त्या नगरपालिकेचे सदस्य होते. आणि त्यांनी या खर्चाला विरोध केला होता!

जोतीराव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज, 'गुलामगिरी'. परीक्षेत पाच मार्कांची टीप लिहून आपण मोकळे होतो. पण नगरपालिकेच्या सभेत बसून, समोर आलेल्या खर्चाच्या ठरावावर नाही म्हणणारे जोतीराव त्या टिपेत सहसा नसतात. सध्या महापालिकांच्या अंदाजपत्रकाच्या बातम्या आपण वाचतो. इतके कोटी रस्त्यांना, इतके सुशोभीकरणाला, अमुक योजनेला कात्री. वाचतो आणि पान उलटतो. म्हणून आज हे जोतीराव तुम्हाला सांगायचेत.

शाळा सुटली होती ती

जन्म १८२७ चा, पुण्याचा. घर माळ्याचं. वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा करायचे. आई चिमणाबाई जोतीराव अगदी तान्हे असतानाच गेल्या. पोराला शाळेत घातलं खरं, पण माळ्याच्या पोराला शिकवून काय करायचंय, असं दुकानातल्या कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरवलं आणि शाळा सुटली. जोतीराव मळ्यात कामाला लागले. तेराव्या वर्षी सावित्रीबाईंशी लग्नही झालं.

तिथेच गोष्ट संपायची. पण शेजारच्या दोघांनी, मुन्शी गफार बेग आणि लिजिट साहेब यांनी, या मुलाची हुशारी हेरली आणि वडिलांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले, स्कॉटिश मिशनच्या.

हा प्रसंग नीट लक्षात ठेवा. एका कारकुनाच्या सांगण्यावरून शाळा सुटते आणि दोन शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू होते. गरिबाच्या पोराचं शिक्षण असं कुणाच्या तरी मर्जीवर टांगलेलं असतं, हे जोतीरावांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. ते त्यांच्यावरच बेतलं होतं. पुढे नगरपालिकेत पैशांचा विषय निघाला, की ते शाळांवर का येत, याचं मूळ बहुधा इथे आहे.

पैसा कुठून येतो, कुठे जातो

१८४८ मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा जोतीराव होते २१ वर्षांचे. म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांच्या वयाचे. पुढच्याच वर्षी वडिलांचं घर सोडावं लागलं. मग आणखी शाळा निघाल्या, महार-मांग मुलांसाठीही निघाल्या.

पण शाळा नुसत्या निष्ठेवर चालत नाहीत. पाट्या लागतात, जागा लागते, शिक्षकाला पगार लागतो. सरकारने दक्षिणा फंडातून या शाळांना काही मदत दिली. हा फंड मुळात पेशवाईतला, विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्यासाठीचा. त्याच पैशातला थोडा भाग आता मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळेकडे वळला. तिजोरी तीच राहते, पण पैसा कुणाला द्यायचा हे बदललं की समाजात काय काय हलतं, हे जोतीरावांनी विशी-पंचविशीतच पाहिलं. नंतर १८५७ चा उठाव झाला, देणग्या आटल्या आणि चांगली चाललेली कामं अडचणीत आली. पैसा थांबला की काय होतं, हेही त्यांनी पाहिलं.

आणखी एक जोतीराव आपल्याला फारसे माहीत नसतात. ते व्यावसायिक होते. खडकवासला धरणासारख्या मोठ्या कामांना माल पुरवायची कंत्राटं त्यांनी घेतली. त्यामुळे कागदावरचा खर्च आणि जागेवरचं काम यात किती अंतर पडू शकतं, मधल्या मध्ये कोण किती खातं, हे त्यांना बाहेरच्या माणसापेक्षा जास्त कळत होतं. पुढे लिखाणात त्यांनी बांधकाम खात्यातल्या खाबूगिरीवर सणसणीत कोरडे ओढले, ते या अनुभवातून.

असा हा माणूस १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेचा सदस्य झाला.

नेमलेले सदस्य, जकातीची तिजोरी

तेव्हाची नगरपालिका आजच्यासारखी नव्हती. निवडणूक नाही, प्रभाग नाहीत, फ्लेक्स तर नाहीतच. सदस्य सरकार नेमायचं. त्यांना इंग्रजीत म्युनिसिपल कमिशनर म्हणत, म्हणजे आजचे आयुक्त नव्हेत, नगरसेवक. सरकारने नेमलेला सदस्य सरकारच्या विरोधात बोलेल अशी अपेक्षा कुणी करायचंच नाही. शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमायची, साहेबाने आणलेले ठराव व्हायचे.

आणि तिजोरी? तिचा मोठा आधार होता जकात. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा कर. आता जकात गेली, पण तुमच्या आई-बाबांना जकात नाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा आठवत असतील. जकात दिसायला व्यापाऱ्यावरचा कर. प्रत्यक्षात तो भरत होता भाजी विकायला येणारा शेतकरी आणि ती भाजी घेणारा शहरातला गरीब.

१८८३ साली पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जोतीरावांनी हेच चित्र काढलंय. शेतकरी भाजीपाला घेऊन मोठ्या आशेने शहरात येतो. नगरपालिकेची जकात जाते, बाजारातल्या मधल्या लोकांचा वाटा जातो आणि कधी कधी तर गाडीभाडंही पदरचं भरून त्याला रिकाम्या हाताने घरी जावं लागतं. हे लिहिणारा माणूस काही वर्षं त्याच नगरपालिकेच्या सभेत बसत होता, हे ध्यानात घ्या. इतरांना नगरपालिकेच्या पैशात शहराचं उत्पन्न दिसत असेल, जोतीरावांना त्यात त्या शेतकऱ्याची रिकामी गाडी दिसत होती.

३२ पैकी एक

जोतीराव सदस्य झाले, ते साल भीषण दुष्काळाचं. १८७६-७७ मध्ये दख्खनेत माणसं आणि जनावरं अन्नावाचून मेली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला पोरक्या, उपाशी मुलांसाठी आश्रम काढला आणि त्यासाठी मदत मागत जोतीराव फिरले. नेमक्या त्याच काळात, १ जानेवारी १८७७ ला, दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी थाटामाटाचा दरबार भरवला. राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर करायला. वर्षभराने, १८७८ मध्ये, लिटनसाहेबांनी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. सत्यशोधकांच्या 'दीनबंधु'ने त्याचा निषेध केला.

आणि हेच लिटनसाहेब पुण्यात येणार असं ठरलं. स्वागत तर झालंच पाहिजे! अध्यक्षांनी सभेपुढे विषय ठेवला, की स्वागतासाठी हजार रुपये खर्चायला मंजुरी द्यावी. आजच्या हिशेबाने हजार रुपये म्हणजे मित्रांबरोबरचं एक जेवण. तेव्हा ती मोठी रक्कम होती.

जोतीरावांनी विरोध केला. लोकांच्या करातला पैसा व्हाइसरॉयच्या स्वागतावर उधळण्यापेक्षा शहरातल्या गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. सभेत ३२ सदस्य. मतं झाली, तेव्हा विरोधात होते एकटे जोतीराव. ठराव मंजूर झाला.

जरा स्वतःला त्या खुर्चीत बसवून बघा. आपल्याला इथे सरकारने बसवलंय. विषय आहे सरकारच्या सर्वोच्च माणसाच्या सन्मानाचा. विरोधाने निकाल बदलणार नाही, हे दिसतंय. शेजारचे सगळे हात वर करून मोकळे झालेत. गप्प बसलं तर कुणी काही म्हणणार नाही. आपणही कॉलेजात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये अशा वेळी काय करतो? जाऊ दे ना, आपल्या एकट्याने काय होणार, म्हणून गप्प बसतो.

जोतीराव इंग्रज म्हटलं की भडकणारे होते, असंही नाही. १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारने शिक्षणकार्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार केला, तो त्यांनी स्वीकारला होता. तेव्हा वैर सत्काराशी नव्हतं. हा सत्कार कुणाचा, कशासाठी आणि कुणाच्या पैशाने, एवढंच ते विचारत होते.

एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं

१८८० साली त्यांनी आणखी एक विषय लावून धरला. पुण्यात दारूची दुकानं वाढत चालली होती. सरकारला परवान्यांतून पैसा मिळत होता. जोतीरावांनी नगरपालिकेला लेखी कळवलं, की ही दुकानं लोकांच्या आरोग्याची आणि संसाराची वाट लावताहेत. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. नगरपालिका सफाई आणि आरोग्य खात्यावर पैसे खर्च करते, ते लोकांची तब्येत नीट राहावी म्हणून. मग त्याच शहरात लोकांची तब्येत बिघडवणारी दुकानं वाढू द्यायची, हा कुठला हिशेब? या दुकानांवर नगरपालिकेने कर बसवावा, असंही त्यांनी सुचवलं.

म्हणजे जोतीराव नुसते खर्च कापा म्हणत नव्हते. भाजीच्या पाटीवर कर घेता, मग दारूच्या दुकानावर का नाही, असा त्याचा अर्थ होतो. बजेटच्या दोन्ही बाजू त्यांच्या डोळ्यापुढे होत्या. पैसा कुणाकडून घ्यायचा आणि कुणावर खर्चायचा. बहुतेक चर्चा दुसऱ्याच बाजूवर होतात, आजही.

मंडईचा पेच

आता येऊ मंडईकडे. तेव्हा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. ऊन, पाऊस, चिखल, सगळं डोक्यावर. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत पक्की इमारत बांधायचं ठरवलं. खर्च काही लाखांचा. जोतीरावांनी आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी याला विरोध केला. (निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर ते वेगळे. त्यांनी तर जोतीरावांवर कडक टीका केली होती. हे हरी रावजी जोतीरावांचे मित्र.) गावातली गोरगरिबांची मुलं शाळेवाचून असताना एवढा पैसा दगडी इमारतीत घालू नये, तो शिक्षणाला लावावा, हाच मुद्दा पुन्हा.

इथे प्रकरण लिटनसाहेबांच्या स्वागताइतकं सोपं नाही. स्वागतावरचा खर्च उधळपट्टी होती, हे आज कुणीही मान्य करेल. पण मंडई? ती तर लोकांच्या उपयोगाची वस्तू. भाजीवालीच्या डोक्यावर छप्पर येणार, गिऱ्हाइकाला चिखल तुडवावा लागणार नाही. आणि ज्या माळी समाजात जोतीराव जन्मले, त्याचा तर भाजी पिकवणं आणि विकणं हा पिढीजात व्यवसाय! म्हणजे त्यांचा विरोध आपल्याच माणसांच्या सोयीच्या आड येत होता. सोपा मार्ग काय होता? ठरावाला पाठिंबा द्यायचा, आपल्या लोकांत वाहवा मिळवायची. आजचा कुणी असता तर कोनशिलेवर नावही कोरून घेतलं असतं.

मग जोतीराव चुकले का? तुम्हीच ठरवा. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ त्या इमारतीत हजारो कुटुंबांचं पोट भरलं आहे, हे खरं. त्या वेळी शाळेबाहेर राहिलेल्या पोरांची पिढी मात्र परत आली नाही, हेही तितकंच खरं. बजेटची खरी चर्चा अशीच असते. चांगलं विरुद्ध वाईट असा सामना क्वचितच होतो. दोन्हीकडे काहीतरी चांगलंच असतं, पैसे मात्र एकालाच पुरतात. तेव्हा आधी कुणाचा नंबर लावायचा, हे ठरवावं लागतं. जोतीरावांची यादी ठरलेली होती. पहिलं नाव शाळेत न गेलेल्या पोराचं.

मंडई झालीच. १८८६ च्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि नाव पडलं रे मार्केट.

हंटरसाहेबांपुढे

सभेत हरलेला मुद्दा जोतीरावांनी तिथेच सोडला नाही. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग आला. त्याला दिलेल्या निवेदनाखाली जोतीरावांनी सही केली आणि स्वतःची ओळख लिहिली ती व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी. समाजसुधारक वगैरे काही नाही!

त्या निवेदनातलं म्हणणं तुम्ही ओळखलंच असेल. सरकारच्या तिजोरीत मोठा भाग शेतकऱ्याच्या घामाचा, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गाच्या उच्चशिक्षणाकडे. हे उलटं करा. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शेतकऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या लोकल फंडातला अर्धा पैसा प्राथमिक शिक्षणाला द्या. आणि मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांना आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च उचलायला लावा.

शेवटची मागणी पुन्हा वाचा. नगरपालिकेत जे एकट्याने मागून मिळालं नाही, ते आता त्यांनी कायमचं धोरण म्हणून मागितलं होतं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणारा कायदा आपल्याकडे झाला २००९ साली. मधली वर्षं मोजा. १२७ होतात.

शेवट आणि पाटी

जोतीरावांचा पालिकेतला काळ १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला संपला. पण सवय गेली नाही. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. पाहुणे दागदागिन्यांनी मढलेले. जोतीराव तिथे गेले ते साध्या शेतकऱ्याच्या वेशात. इथे जमलेल्या लोकांवरून या देशाची परीक्षा करू नका, खरी प्रजा खेड्यात अर्धपोटी राहते, तिला शिक्षण द्या, हे राणीला कळवा, असं त्यांनी ड्यूकना सुनावलं. लिटनसाहेबांच्या स्वागताच्या वेळचाच मुद्दा, फक्त आता थेट पाहुण्यापुढे.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. नंतर अर्धांगाचा झटका आला. उजवा हात चालेना, तर डाव्या हाताने लिहीत राहिले. शेवटची वर्षं पैशांच्या ओढाताणीत गेली. कंत्राटं घेतलेला, कधीकाळी हाती पैसा खेळलेला माणूस, पण होतं नव्हतं ते कामातच गेलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत निवडून आले. त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचं नाव बदललं आणि महात्मा फुले मंडई झालं. ज्या सभागृहात जोतीराव हरले, त्याच नगरपालिकेने, ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला, त्याच इमारतीवर त्यांचं नाव लावलं. जोतीराव असते तर त्यांनी या पाटीचा खर्च किती, असं विचारलं असतं का, कुणास ठाऊक!

आता तुमच्याकडे वळतो. महापालिकेचं अंदाजपत्रक आयुक्त मांडतात, ते स्थायी समितीकडे आणि मग सर्वसाधारण सभेकडे जातं. बहुतेक शहरांत ते महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतंही. यंदा एकदा उघडून बघा. सगळं कळणार नाही, हरकत नाही. तुमच्या बसचं, तुमच्या वॉर्डातल्या दवाखान्याचं, घराजवळच्या महापालिका शाळेचं पान शोधा. गेल्या वर्षी ठेवलेले पैसे खर्च झाले का, तेवढं बघा.

तेही जड वाटत असेल, तर कॉलेजपासून सुरुवात करा. गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये डीजेला एवढे, स्टेजला एवढे, पाहुण्यांच्या बुकेला एवढे, असं ठरत असतं. सगळे हात वर होतात. हे पैसे कुणाच्या फीमधून आले आणि ज्याला फी भरतानाच नाकी नऊ येतात त्याला यातून काय मिळणार, एवढं एकदा विचारून बघा. बहुधा तुम्ही एकटे पडाल आणि ठराव मंजूरही होईल.

काही बिघडत नाही. ३२ पैकी एक मत असं होतं, जे आपल्याला अजून माहीत आहे. बाकीची ३१ नावं तुम्हाला आठवतात?